प्रागनगरीत सहकुटुंब

गेल्या दोन-तीन महिन्यांत कित्येक वाचकांनी आम्हांस पत्रे लिहून विचारिले आहे की, "मास्तर, आपण सहकुटुंब परदेशी जाऊन आलात असे कळते, मग या सदरात त्याविषयी एक अक्षरही कसे नाही?" प्रश्न रास्त आहे. मौनाचे कारण एवढेच की, त्या प्रवासात आमच्या हातून एक चूक घडली आणि ती आमच्या घराण्यास भूषणावह नाही. परंतु ज्या चुकीपासून चार घरांस बोध घेता येईल, ती झाकून ठेवणे शिक्षकाच्या पेशास शोभत नाही, असे मनाने घेतले. म्हणून आज लेखणी उचलली आहे.

चिरंजीवांच्या मनात होते की, आई-वडिलांचे हातपाय चालतात तोवर त्यांस युरोपातील एखादी जुनी राजधानी दाखवावी. लंडन की पॅरिस, असा घरात वाद चालला असता आम्ही प्रागचे नाव सुचविले. झेक लोकांची ही राजधानी व्ल्टावा नदीच्या दोन्ही तीरांवर वसली आहे. आमच्या सूचनेत स्वार्थ होता, हे कबूल करितो. संस्कृत वाङ्मयाचा तीन भागांत इतिहास लिहिणारे पंडित मॉरिझ विंटरनिट्झ याच नगरीतील जर्मन विद्यापीठात अध्यापक होते आणि १९३७ साली येथेच निवर्तले. मुंबईस अनेक वर्षे काढलेल्या ब्यूलर साहेबांचे हे शिष्य. महाभारताची चिकित्सक आवृत्ती निघावी, असा आग्रह त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरिला होता. पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली ते कार्य अंगावर घेऊन १९६६ साली तडीस नेले. ज्याने आपल्या महाभारताची एवढी काळजी वाहिली, त्याचे विद्यास्थान एकदा डोळ्यांनी पाहावे, ही आमची जुनी इच्छा होती.

आमच्या सौभाग्यवतींचा मात्र जाण्यास नकार होता. त्यांचा उजवा गुडघा तीन-चार वर्षांपासून दुखतो. "तुम्ही सगळे जाऊन या, मी घर सांभाळते," हे त्यांचे पालुपद. अखेर नातीने हट्ट धरिला, घरच्या देवांची पूजा धाकट्या बंधूंकडे सोपविली, आणि वैशाखाच्या आरंभी आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई, नात व नातू असे सहाजण प्रागला जाऊन पोहोचलो.

चिरंजीव पेशाने इंजिनियर. त्यांनी पाच दिवसांचा कार्यक्रम कागदावर आखून आणिला होता. एकंदर स्थळे ३१. प्रत्येकासमोर पोहोचण्याची व निघण्याची वेळ लिहिलेली. शाळेचे वेळापत्रक आम्ही तीस वर्षे केले, तरी इतके रेखीव आम्हांसही कधी साधले नाही. गुडघ्याचा विचार त्या कागदात कोणी केला नव्हता. आणि तो कागद आमच्या नजरेखालून गेला असता आम्हीही केला नाही.

पहिल्या दिवशी चार्ल्सचा पूल पाहिला. सम्राट चौथा चार्ल्स याने १३५७ साली याचा पाया घातला. लांबी अर्ध्या किलोमीटरहून थोडी अधिक, सोळा कमानी, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस शिल्पे. पायाभरणीचा मुहूर्त ज्योतिष्यांनी काढून दिला होता, अशी कथा सांगतात: सन १३५७, नववा दिवस, सातवा महिना, पाच वाजून एकतीस मिनिटे. आकडे ओळीने मांडले तर १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १ अशी चढती-उतरती कमान होते. आम्ही नातवास हे समजावीत पुढे चाललो होतो. मध्येच मागे वळून पाहिले, तो सौभाग्यवती दोन कमानी मागे कठड्यास टेकून उभ्या. आम्ही हाताने "या लवकर" अशी खूण केली. त्या आल्या. दुपारी गडावर जाण्याच्या पायऱ्या चढतानाही असेच झाले. त्या दिवशी हे आमच्या डोळ्यांस दिसले खरे, पण मनास दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या शहराच्या चौकातील प्रसिद्ध घड्याळ पाहावयास गेलो. नगरसभागृहाच्या दक्षिण भिंतीवर हे घड्याळ १४१० सालापासून आहे. संस्कृत जाणणाऱ्या माणसास ते सोडून जाववत नाही, इतके ते आपल्या पंचांगास जवळचे आहे. त्यात सूर्य कोणत्या राशीत आहे ते दिसते, चंद्राची कला दिसते. सूर्यास्तापासून चोवीस तास मोजण्याची जुनी झेक रीत त्यावर आहे, आणि सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा समान भाग पाडण्याची रीतही आहे. आपण घटिका सूर्योदयापासून मोजीत असू, त्याचेच हे भावंड म्हणावयाचे. राशींत आपल्या पंचांगाशी फरक पडतो तो सायन-निरयन भेदामुळे. दर तासाला वरच्या दोन खिडक्या उघडून ख्रिस्ताचे बारा शिष्य एकामागून एक दर्शन देतात. खाली उभा असलेला हाडांचा सापळा घंटेची दोरी ओढतो व वाळूचे घड्याळ उलटे करितो. शेवटी कोंबडा आरवतो. १९४५ च्या मे महिन्यातील लढाईत हे सर्व जळाले होते. शिष्यांच्या आजच्या मूर्ती त्यानंतर कोरलेल्या आहेत. खेळ मिनिटभराचा, परंतु त्यासाठी जमलेली गर्दी आषाढीच्या वाळवंटाची आठवण करून देणारी.

अकराचा खेळ संपला आणि गर्दी एकदम फुटली. चिरंजीव मनोऱ्यावर जाण्याची तिकिटे काढावयास धावले. सूनबाई नातीचे छायाचित्र काढण्यासाठी चौकाच्या पलीकडे गेल्या. आणि आम्ही? विद्यापीठाची जुनी वास्तू तेथून पाच मिनिटांच्या वाटेवर आहे, हे आम्हांस नकाशावरून ठाऊक होते. "एवढ्यात पाहून येऊ," असे म्हणून नातवाचा हात धरून आम्ही तिकडे वळलो. चिरंजीवांस वाटले, आई सुनेबरोबर आहे. सूनबाईंस वाटले, सासूबाई मामंजींबरोबर आहेत. आम्हांस तर काहीच वाटले नाही. आम्ही विंटरनिट्झांच्या विचारात होतो.

अर्ध्या तासाने सारे एकत्र जमलो आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. सौभाग्यवती कोणाबरोबरच नव्हत्या. त्यांचा भ्रमणध्वनी नातीच्या पिशवीत. उतरलो होतो त्या घराचा पत्ता त्यांस पाठ नाही. झेक भाषा तर आम्हां कोणासच येत नाही. पुढील पाऊण तास आम्ही कसा काढिला, ते सांगवत नाही. चिरंजीव नदीकडे धावले, सूनबाई गल्ल्यांतून हिंडल्या, नात रडू लागली. आम्ही एका पोलिसास गाठून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, "हिरवी साडी, पांढरे केस" एवढेच पुनःपुन्हा सांगत राहिलो. बेचाळीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाने आमची एकही वस्तू हरवू दिली नाही, त्या माणसालाच आम्ही परक्या मुलखात हरवून बसलो होतो.

शोध लागला तो नातवास. नगरसभागृहाच्या पूर्वेकडील भिंतीशी, घड्याळापासून कोपरा वळताच, त्याची आजी शांतपणे उभी होती. आम्ही सर्व धापा टाकीत तेथे पोहोचलो. काळजीचे रूपांतर रागात होण्यास पुरुषास क्षणही लागत नाही. आम्ही म्हणालो, "अहो, कुठे हरवलात? किती शोधले!"

त्या म्हणाल्या, "मी कशाची हरवते? गर्दीत धक्के बसू लागले, म्हणून 'मी या कोपऱ्याला उभी राहते' असे सूनबाईंना सांगून इकडे आले. तिला ऐकू गेले नसेल. मग लहानपणी पंढरपूरला आई सांगायची ते आठवले. चुकलेल्याने जागा सोडू नये, शोधणाऱ्याने फिरावे. मी जागा सोडली नाही. हरवलात तुम्ही सगळे."

यावर उत्तर नव्हते. वातावरण निवळावे म्हणून की काय, त्याच पुढे म्हणाल्या, "इथे फरशीत पांढरे क्रूस बसवलेत, पाहिलेत का? मी मोजले. सत्तावीस आहेत. सत्तावीस नक्षत्रांसारखे. लोक त्यांवरून खुशाल चालत जातात. कशाचे असतील हो?"

कशाचे आहेत, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु तेथे जाऊन ते पाहावे, हे सुचले नव्हते. ३१ स्थळांच्या यादीत ते नव्हते. बोहेमियातील प्रॉटेस्टंट सरदारांनी १६१८ साली गडावरील खिडकीतून सम्राटाच्या दोन कारभाऱ्यांस व त्यांच्या चिटणिसास खाली फेकून दिले, आणि त्या ठिणगीतून तीस वर्षांचे युद्ध पेटले. नोव्हेंबर १६२० मध्ये प्रागजवळील पांढऱ्या डोंगरावर झेकांचा पराभव झाला. पुढील वर्षी २१ जून रोजी याच चौकात त्यांच्या सत्तावीस पुढाऱ्यांस देहान्त शासन झाले. त्यांत तीन मोठे सरदार, सात उमराव आणि सतरा नागरिक होते. विद्यापीठाचा कुलगुरू, वैद्य यान येसेन्स्की, हाही त्यांतच होता. घड्याळासमोर हजारो लोक माना वर करून उभे असतात. कोपऱ्यापलीकडे पायांखाली झेक राष्ट्राचे हे दुःख कोरलेले आहे. आमच्यापैकी ते पाहिले कोणी, तर जिला आम्ही मागे टाकून गेलो होतो तिने.

त्या रात्री मुक्कामी मेतकूट-भाताचे जेवण झाल्यावर सौभाग्यवती आम्हांस हलकेच म्हणाल्या, "मुलांसमोर बोलले नाही. पण खरे सांगू? मी फार घाबरले होते. हातपाय कापत होते. आणि वाटत होते की मी आलेच नसते तर तुमचा सगळ्यांचा प्रवास नीट झाला असता. उद्यापासून मी खोलीवरच राहते."

हे शब्द ऐकून आम्हांस जे वाटले, ते पाऊण तासाच्या शोधातही वाटले नव्हते. माणूस वाट चुकले तर सापडते. परंतु "मी तुम्हांस अडचण आहे" असे ज्याच्या मनाने एकदा घेतले, ते घरात बसूनही हरवलेलेच असते. आणि तसे त्यांच्या मनाने घ्यावे, याची तजवीज दोन दिवस आम्ही सर्वांनी मिळून केली होती.

चिरंजीव पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. त्यांनी ऐकले असावे. ते आत येऊन आईजवळ बसले व म्हणाले, "आई, रायगड आठवतो का? मी पाच वर्षांचा होतो. अर्ध्या वाटेवर बसकण मारली. नाना पुढे निघून गेले होते. तू मला कडेवर घेऊन वर चढलीस." रायगडच्या पायऱ्या चौदाशेंहून अधिक आहेत. तेव्हा तेथे वर नेणारे दोरखंडाचे पाळणे नव्हते. वाचकहो, "नाना पुढे निघून गेले होते" हे वाक्य आम्ही मुकाट्याने ऐकून घेतले. शिष्यवर्गास आम्ही पुष्कळ उपदेश केला; परंतु आमचा हा दोष पस्तीस वर्षे आमच्याच घरात पाठ होता, हे त्या दिवशी समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीवांनी कागद काढून बऱ्याच ओळींवर काट मारिली. तीन दिवसांसाठी नऊ स्थळे उरली. आणि एक नियम ठरला: चालीचा वेग आजीचा. पुढे ती, मागे सर्व.

या नियमाने काय मिळाले, ते सांगतो. गडावर दुसऱ्यांदा गेलो ते बावीस क्रमांकाच्या ट्रामगाडीत बसून. पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. तेथील सेंट व्हायटसचे मंदिर १३४४ साली आरंभिले व १९२९ साली पुरे झाले. सौभाग्यवती एका बाकावर बसल्या, म्हणून आम्हीही बसलो. आणि रंगीत काचांतून उतरणारे ऊन खांबांवरून सरकत जाताना पाहिले. पहिल्या दिवशी या ठिकाणास यादीत वीस मिनिटे होती. राजवाड्यात ती १६१८ ची खिडकी पाहिली. खाली पडलेले तिघेही वाचले, हे ऐकून नातवाची किंचित निराशा झाली.

गडाच्या पायथ्याशी कोमेन्स्की याच्या नावाचे शिक्षणविषयक संग्रहालय आहे. मूळ यादीत ते नव्हते. आजीच्या चालीने चालल्यामुळे दारावरील पाटी वाचावयास सवड मिळाली. युरोपात ज्यास कोमेनियस म्हणतात, तो हाच. जन्म १५९२. पांढऱ्या डोंगराच्या पराभवामुळे त्यास देश सोडावा लागला, १६५६ साली लेश्नो गावाच्या आगीत त्याची बहुतेक हस्तलिखिते जळाली, आणि १६७० साली तो हॉलंडात परदेशीच वारला. मुलगा असो वा मुलगी, श्रीमंत असो वा गरीब, सर्वांस शिक्षण द्यावे आणि ते प्रथम मातृभाषेत द्यावे, हे त्याने पावणेचारशे वर्षांपूर्वी सांगितले. चित्रांवरून शब्द शिकविणारे त्याचे पाठ्यपुस्तक १६५८ साली छापले गेले. शिक्षणाच्या त्याने चार पायऱ्या केल्या. त्यांतील पहिली सहा वर्षांची शाळा म्हणजे आईची मांडी. आम्ही हे मोठ्याने वाचून दाखविताच सौभाग्यवती म्हणाल्या, "हे सांगायला एवढे पंडित कशाला लागतात?" तथापि त्या प्रसन्न झाल्याचे आमच्या लक्षात आले.

चौथ्या दिवशी विद्यापीठाच्या जुन्या वास्तूकडे सर्व मिळून गेलो. १३४८ साली चौथ्या चार्ल्सनेच हे विद्यापीठ स्थापिले. जर्मनांनी १७ नोव्हेंबर १९३९ रोजी झेक विद्यालये बंद पाडिली. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८९ साली, त्याच तारखेस निघालेल्या विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीपासून तेथील कम्युनिस्ट राजवटीचा अंत सुरू झाला. विंटरनिट्झांचे जर्मन विद्यापीठ १९४५ सालीच संपुष्टात आले. आम्ही बाहेर उभे राहून त्यांस मनोमन वंदन केले. सौभाग्यवतींस सर्व हकीगत सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढ्या दूर बसून त्यांना महाभारताचा ध्यास, आणि आपल्याकडे म्हणे महाभारताची पोथी घरात ठेवू नये, भांडणे होतात!"

वाटेत मोठ्या चौकात बाटा कंपनीची १९२९ सालची भव्य इमारत लागली. "अगं बाई, आपला बाटा इथेही!" असे त्या म्हणाल्या. बाटा मूळचा इथलाच. झ्लिन गावी १८९४ साली निघालेला हा कारखाना पुढे कोलकात्याजवळ बाटानगरात आला, हे सांगितल्यावर मुलांस मोठी मौज वाटली. दुकानात जाऊन आम्ही त्यांस मऊ तळाचे बूट घेऊन दिले. हे काम निघण्यापूर्वी पुण्यातच करावयाचे होते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी उरलेल्या पैशांचा हिशेब चालला होता. नातवाने नोटा ओळीने मांडल्या व चित्रे पाहू लागला. शंभर क्राउनच्या नोटेवर सम्राट चौथा चार्ल्स. दोनशेच्या नोटेवर कोमेन्स्की. आमची छाती फुगली. आम्ही म्हणालो, "पाहा, या देशात राजाची किंमत शंभर, आणि मास्तराची दोनशे!" तेवढ्यात नातीने पाचशेची नोट पुढे केली. तीवर एक स्त्री होती. ही बोझेना न्येम्त्सोव्हा. १८५५ साली प्रसिद्ध झालेली तिची कादंबरी झेक लोक पिढ्यान्‌पिढ्या वाचीत आले आहेत. कादंबरीचे नाव 'बाबिच्का'. नातीने अर्थ शोधून काढिला व मोठ्याने सांगितला: आजी.

नातू म्हणाला, "म्हणजे राजा शंभर, मास्तर दोनशे, आणि आजी पाचशे!" सर्वजण हसले. सौभाग्यवतींनी ती नोट हातात घेऊन नीट पाहिली आणि "उद्या पोरांना खाऊला होईल" असे म्हणून चिरंजीवांस परत दिली.

ज्या घरांत यंदा सहकुटुंब प्रवासाचा बेत चालला असेल, त्यांस आमचे सांगणे थोडके आहे. रोज दोन, फार तर तीन ठिकाणे ठेवा. मुक्कामाचा पत्ता प्रत्येकाच्या खिशात लिहून द्या आणि भ्रमणध्वनी ज्याचा त्याजपाशी असू द्या. चुकल्यास कोठे थांबावयाचे, ते आधी ठरवा. पायांतील वहाणा घरीच पारखून घ्या. आणि घरातील सर्वांत हळू चालणारे माणूस असेल, त्यास पुढे घाला. ते मागे राहिले तर ते काय पाहते, हे आपणांस कळत नाही. आणि आपण काय पाहिले नाही, हेही कळत नाही.

सौभाग्यवतींच्या गुडघ्यावर औषधोपचार चालू आहेत. पुढील वर्षी कोठे जावयाचे, हे त्यांनीच ठरवावयाचे आहे. त्यांनी रायगडाचे नाव काढिले आहे. आता तेथे पाळण्यातून वर जाता येते. या खेपेस आम्ही पुढे निघून जाणार नाही.